भेग पडू द्यावी, पाया सुटू देऊ नये: पोताच्या मितभाषी चित्रांविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात चित्रकला शिकवणाऱ्या एका ताईंना मोजक्या रंगांची, जाड पोताची आणि जवळजवळ रिकामी दिसणारी चित्रे करायची आहेत. त्यांनी ताणलेल्या कॅनव्हासवर भिंतीची पुट्टी आणि लाकूडकामाचा पांढरा गोंद एकत्र करून जाड थर दिला; तो उन्हाळ्यात तडकला आणि त्याचे पापुद्रे सुटून खाली पडले. त्यांचे प्रश्न तीन आहेत. अपूर्णतेचे सौंदर्य हाच चित्राचा विषय असेल तर हे गळून पडणेही सौंदर्यच मानायचे का? मुद्दाम भेगा पाडणे खोटे ठरते का? आणि चित्रात किती ठेवायचे, किती सोडायचे, हे कशावरून ठरवायचे? वर्धा जिल्ह्यातील एका गावात राहून मी अनेक वर्षे माती, चुना आणि संगमरवराची पूड यांतच काम करत आलो आहे. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे मी त्यांची उत्तरे, ताईंनाच उद्देशून, एकत्र देत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: गळून पडणे म्हणजे सौंदर्य नव्हे. भेग पडणे आणि थर सुटणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. भेग थराच्या आत पडते. ओला थर सुकताना आकसतो, आकसण्याला जागा मिळाली नाही की तो फाटतो, आणि फाटल्यावर त्याच्यातला ताण निघून जाऊन तो स्थिर होतो. सुटणे मात्र थर आणि आधार यांच्या सांध्यात घडते आणि ते कधीच थांबत नाही. आज एक पापुद्रा, पुढच्या वर्षी शेजारचा. ज्या चित्राची भेग स्थिर झाली आहे ते चित्र पूर्ण झाले आहे असे म्हणता येते. ज्याचा थर सुटत चालला आहे ते चित्र नष्ट होत आहे. अपूर्णतेवर प्रेम करणाऱ्या चित्रकाराला हा फरक इतर कोणाहीपेक्षा अधिक नीट कळला पाहिजे, कारण त्याच्या कामात पृष्ठभागाखेरीज दुसरे काहीच नसते.

तुमचा थर का सुटला, हे आता पाहू. ताणलेला कॅनव्हास हा हलणारा आधार आहे. हवेतला ओलावा बदलला की कापड सैल पडते किंवा ताणले जाते, लाकडी चौकट आकसते, आणि चित्र उचलताना बोटांचा दाब पडला तरी मधला भाग आत-बाहेर होतो. पुट्टी भिंतीसाठी बनवलेली असते आणि भिंत हलत नाही. सुकल्यावर पुट्टीला वाकण्याची जवळजवळ काहीच सवड उरत नाही. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की जाड थराची वरची साय तासाभरात घट्ट होते, तर आतला भाग ओलाच राहतो. नंतर आतला भाग सुकून आकसू लागतो, तेव्हा वरची साय त्याला साथ देत नाही. शिवाय लाकूडकामाचा पांढरा गोंद तिशी-चाळिशीतल्या तापमानाला मऊ पडू लागतो. म्हणजे दिवसा गोंद मऊ, रात्री पुन्हा ताठ, वर न वाकणारी पुट्टी आणि खाली हलणारे कापड. अशा स्थितीत थर टिकला असता तरच आश्चर्य वाटले असते.

म्हणून जाड पोताचे काम ताठ आधारावरच करावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे सहज मिळणारा चांगला आधार म्हणजे प्लायवूड, पण तोही आयएस 710 या मानकाचा, ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणतात. आयएस 303 चा साधा प्लाय स्वस्त पडतो. मात्र आपल्या कामात फळी पुन्हा पुन्हा भिजते आणि तो कडांना फुगू लागतो. दोन फुटांपर्यंतच्या फळीला बारा मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून मोठी फळी असेल तर मागे लाकडी पट्ट्यांची चौकट चिकटवावी, नाहीतर फळी बाक धरते. फळीच्या सहाही बाजूंना पातळ केलेल्या ॲक्रिलिक बाइंडरचा, म्हणजे रंग-माती धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, हात द्यावा. मागची बाजू आणि कडा सोडून दिल्या तर ओलावा तिथूनच शिरतो, आणि आपल्या भागात वाळवीही बहुधा तिथूनच शिरते.

त्या फळीवर मांजरपाट किंवा जुनी खादी बाइंडरने चिकटवावी. कापड ओले करून पिळून घ्यावे, मधून कडांकडे हाताने दाबत न्यावे आणि हवेचा एकही फुगा राहू देऊ नये. हे कापड दिसण्यासाठी नसते. त्याच्या विणीत पुढचा थर रुतून बसतो. गुळगुळीत फळीवर माती थापली तर ती सुकताना घसरते आणि मोजक्या पण रुंद भेगा पडतात. खडबडीत कापडावर तीच माती जागोजागी धरून ठेवली जाते आणि भेगांचे बारीक जाळे तयार होते. हे एकदा ध्यानात आले की भेगेची जाडी ही बरीचशी आपल्याच हाती असते हेही कळते.

पायाच्या थरासाठी मी तीन भाग संगमरवराची पूड, एक भाग निवळलेली पांढरी माती आणि दीड ते दोन भाग ॲक्रिलिक बाइंडर असे प्रमाण वापरतो. पांढरी माती म्हणजे आपल्या गावांत दिवाळीपूर्वी घरे पोतायला वापरतात तीच. ती रात्रभर भिजवावी, ढवळावी, खडे तळाशी बसू द्यावेत, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून निवळू द्यावे आणि खाली बसलेला मऊ गाळ घ्यावा. हा पाया दोन-तीन पातळ हातांत द्यावा, एका जाड हातात कधीही देऊ नये. प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत आटोपावे आणि फळीवर, तिला न टेकता, ओले सुती कापड ताणून ठेवावे; सावकाश सुकणे हीच या कामातली निम्मी कुशलता आहे.

चुन्याविषयी थोडक्यातच सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपन्याकडे चुनखडी मुबलक आहे आणि कळीच्या चुन्याचा पांढरा रंग ट्यूबमधल्या टायटेनियम पांढऱ्यापेक्षा कितीतरी उबदार असतो. पण चुना प्लायवर नीट धरत नाही. त्याला सिमेंटची फळी, वीट किंवा कौल असा सच्छिद्र आधार लागतो. कळीचा चुना विझवताना पाणी उकळू लागते आणि डोळ्यात उडालेला एक थेंबही इजा करतो, म्हणून शाळेत मुलांबरोबर हा प्रयोग अजिबात करू नका. रंग मिसळायचे असतील तर गेरू, पिवळी माती, अल्ट्रामरिन चालतात. प्रशियन निळा चुन्यात मरतो.

आता काळी माती, जिच्यामुळे हे काम इतर कुठल्याही प्रदेशापेक्षा आपल्याकडे वेगळे होते. आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याचे पातळ पदर एकमेकांवर रचलेले असतात आणि त्या पदरांच्या मधे पाणी शिरते. म्हणून पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात हात-दोन हात खोल भेगा पडेपर्यंत आकसते. वरची कोरडी माती त्या भेगांत पडते, खालची वर येते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे शेतकरी म्हणतात ते याच अर्थाने. चित्रकाराच्या दृष्टीने ही माती फार बोलकी आहे, पण नुसती वापरली तर ती कुठल्याच आधारावर टिकणार नाही. चाळून, भिजवून, मुळ्या काढून टाकल्यावर तिच्यात निदान समभाग बारीक वाळू मिसळावी. वाळू आकसत नाही, त्यामुळे जितकी वाळू जास्त तितक्या भेगा कमी. त्यात अंबाडीचे किंवा तागाचे बोटभर लांबीचे तंतू, नाहीतर गव्हाचे कुटार घातले की थराला आतून पकड मिळते. आपल्या कुडाच्या घरांत तुराट्यांवर जी माती लिंपतात तिच्यात कुटार असते ते याचसाठी, आणि ते शहाणपण जसेच्या तसे फळीवर आणता येते.

भेगांकडे आता जरा बारकाईने पाहा, कारण त्यांच्या स्वभावात एक उलगडा आहे जो मला अजूनही विस्मयकारक वाटतो. एकदाच सुकलेल्या थरात आधी एक लांब भेग पडते, मग दुसरी भेग चालत येऊन तिला मिळते, आणि मिळताना जवळजवळ काटकोनात मिळते. म्हणून नव्या भेगांची जाळी चौकटीसारखी दिसते. पण तीच माती पुन्हा पुन्हा भिजली आणि सुकली, की जिथे भेगा भेटतात तो सांधा हळूहळू सरकतो आणि तीन भेगा सारख्या कोनांत, सुमारे 120 अंशांनी, एकमेकींना भेटू लागतात. तळ्याच्या काठी, जिथे पाणी वर्षानुवर्षे चढते-उतरते, तिथे तुम्हाला षटकोनी बेटे दिसतील. कालच उपसलेल्या गाळाच्या ढिगावर मात्र काटकोन. काळ हा असा भेगेच्या कोनात नोंदला जातो. फळीवर हे साधायचे असेल तर मातीच्या वरच्या थरात ॲक्रिलिक घालू नये, कारण ते सुकल्यावर पुन्हा भिजत नाही. त्याऐवजी बाभळीच्या डिंकाचे अगदी पातळ पाणी घालावे, थर सुकू द्यावा, फवाऱ्याने हलकेच भिजवावा, पुन्हा सुकू द्यावा. मनासारखी जाळी झाल्यावर शेवटी थोडे स्पिरिट फवारून, बाइंडरचा एक भाग आणि पाण्याचे आठ-दहा भाग असे मिश्रण थेंबाथेंबाने भेगांत जिरवावे. स्पिरिटमुळे मिश्रण मातीच्या पृष्ठभागावर थेंब धरून न राहता आत उतरते. माती किंचित गडद होईल; ते आधीच धरून चालावे.

थराची जाडी हे दुसरे साधन. दोन मिलिमीटर थरात बोटाच्या पेराएवढी बेटे होतात, आठ-दहा मिलिमीटरांत जवळजवळ तळहाताच्या मापाची. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे नवशिके चित्रकार हमखास दुर्लक्ष करतात: भेगेतून खालचा पाया दिसतो. म्हणजे भेगेच्या रेषेचा रंग तुम्ही भेग पडण्याच्या कितीतरी आधी, पाया देतानाच ठरवलेला असतो. काळ्या मातीखाली पांढरा पाया असेल तर रेषा किंचाळते. तिथे गेरूचा किंवा राखाडी पाया द्यावा, म्हणजे रेषा आहे की सावली आहे हे पाहणाऱ्याला जवळ येऊनच कळते. मला हीच जवळ बोलावणारी रेषा अधिक मोलाची वाटते.

तुमचा दुसरा प्रश्न असा की हे सारे जर इतके आखून करायचे, तर ते खोटे नव्हे का? याचे उत्तर मला आपल्या घरांच्या भिंतींनी शिकवले आहे. सणाआधी बायका पांढऱ्या मातीने भिंत पोततात किंवा शेणाने अंगण सारवतात तेव्हा त्यावर बोटांच्या कमानी उमटतात. त्या कमानींचा आकार सारवणारीच्या हाताच्या लांबीइतका असतो. ती उकिडवी बसून जिथवर पोहोचते तिथे एक ओळ संपते, ती एक पाऊल मागे सरकते, नवी ओळ सुरू होते, आणि दोन ओळींच्या सांध्यावर शेणमाती किंचित जाड राहते. ती कमान सुंदर दिसावी म्हणून ती हात फिरवत नाही. तिला जमीन एकसारखी हवी असते आणि त्यासाठी ती मनापासून झटत असते. एकसारखेपणाच्या त्या प्रयत्नात शरीराची मर्यादा जिथे आड येते, तिथे जे उरते तेच आपल्याला सुंदर वाटते. तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे: चित्रकाराने दोष करू नये; त्याने जीव ओतून नेटके काम करावे, आणि साहित्य व हात यांच्या स्वभावामुळे जे नेटके होऊ शकले नाही ते पुसून टाकू नये. भेग पडेल अशी माती निवडणे, तिची जाडी ठरवणे, ती सावकाश सुकवणे हे नेटके काम आहे. सुकलेल्या थरावर खिळ्याने भेग कोरणे हे खोटे आहे, आणि डोळ्याला ते लगेच कळते, कारण कोरलेली रेषा मातीच्या ताणाचे ऐकत नाही. ती जिथे जायला नको तिथे जाते आणि जिथे थांबायला नको तिथे थांबते.

जपानमध्ये चहाच्या समारंभातून ही दृष्टी विशेष जोपासली गेली आणि तिथेही हेच दिसते. सेन नो रिक्यू हे सोळाव्या शतकातले चहागुरू, त्यांचा काळ 1522 ते 1591. त्यांच्या नावाशी जोडले गेलेले ताइआन हे क्योतोजवळचे चहागृह अवघ्या दोन चटया मावतील एवढे आहे आणि त्याच्या भिंती मातीच्या असून मातीतले गवताचे काड उघडे दिसतात. आपल्या कुडाच्या भिंतीशी त्याचे नाते जोडायला मला तरी काही संकोच वाटत नाही. रिक्यूंच्या पसंतीचे चहाचे वाडगे चोजिरो हा कारागीर चाक न वापरता हाताने घडवत असे. त्यांच्या कडा सरळ नसतात, पण ते हातात धरायला, ओठांना लावायला आणि उष्णता राखायला अतिशय नीट बनवलेले असतात. वाडगा गळत असता तर त्याच्या वाकड्या कडेचे कौतुक कोणी केले नसते.

लांब जायलाही नको. सेवाग्रामच्या बापूकुटीत एकदा भिंतींसमोर निवांत उभ्या राहा. 1936 साली गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आले तेव्हा जवळपास मिळणाऱ्या साहित्यातच घरे उभारण्याचा आग्रह होता. तिथल्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी ताडाची झाडे, चरखा आणि ओम मातीतच उठावात घडवले आहेत. त्यांत वेगळा रंग नाही. भिंतीचीच माती थोडी पुढे आली आहे आणि तिच्यावर पडणाऱ्या सावलीने चित्र तयार झाले आहे. पोताच्या चित्रात रंगाचे काम सावली कशी करते याचा इतका साधा आणि इतका जवळचा धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. विद्यार्थ्यांना तिथे नक्की घेऊन जा, आणि सकाळी न्या, जेव्हा उजेड तिरपा असतो.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, कारण आपण विदर्भात राहून हे काम करतो. भेगाळलेली काळी जमीन हे शहरातल्या प्रेक्षकासाठी फार लवकर दुःखाचे चिन्ह बनते, आणि चित्रकाराला ते चिन्ह वापरण्याचा मोह होतो. मे महिन्यातल्या भेगा हा जमिनीचा धर्म आहे; त्यात शोक करण्यासारखे काही नाही. पण ऑगस्टमध्ये, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी असताना पडलेल्या भेगा म्हणजे एका घराचे वर्ष हातचे जाणे आहे. चित्रात या दोन्ही भेगा अगदी सारख्याच दिसतात. म्हणून ज्या शिवारातली माती आणली त्या शिवाराला ती का भेगाळली होती हे चित्रकाराला माहीत असले पाहिजे, आणि दुसऱ्या प्रकारची भेग केवळ शोभेसाठी भिंतीवर टांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मी मानतो. इटलीच्या अल्बेर्तो बुर्री यांचे उदाहरण मला इथे महत्त्वाचे वाटते. ते पेशाने डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत युद्धकैदी असताना त्यांनी चित्रे काढायला सुरुवात केली, तीही गोणपाटावर. 1970 च्या दशकात त्यांनी भेगाळलेल्या पांढऱ्या आणि काळ्या पृष्ठभागांची मालिका केली. पण पुढे सिसिलीतल्या जिबेलिना या, 1968 च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावाच्या अवशेषांवर त्यांनी काँक्रीटचा विशाल पृष्ठभाग घातला, तेव्हा त्यातल्या भेगा म्हणजे गावाचे जुने रस्तेच ठेवले. माणसे त्या भेगांमधून चालू शकतात. तिथे भेग कुठून आली याचे उत्तर कलाकृतीच देते. आपल्या कामाने ते उत्तर देता आले पाहिजे.

आता तिसरा प्रश्न: किती ठेवायचे? पोत असलेल्या चित्रात नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण पोताच्या अभावाची नसते, अतिरेकाची असते. वाळू, कापड, दोरा, राख, गंजलेला पत्रा, सारे एका फळीवर आले की प्रत्येक जण मोठ्याने बोलू लागतो आणि कोणाचेच ऐकू येत नाही. चित्र मितभाषी ठेवण्याचे कारण तपस्या दाखवणे हे नाही. पृष्ठभागावर दहा गोष्टी असतील तर अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा कोणाच्याही नजरेस पडत नाही. एकच रंग आणि एकच हालचाल असेल तर तोच उंचवटा साऱ्या चित्राचा विषय होतो. म्हणजे अपूर्णता दिसण्यासाठीच बाकीचे कमी करावे लागते.

ज्यांच्याकडून हे शिकावे अशा काही चित्रकारांची नावे सांगतो. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपूरचा, ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना फारशी ठाऊक नसते. झेन या बौद्ध विचाराची त्यांना ओढ होती. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर देत, काढत, पुन्हा देत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करत. त्यांच्या चित्रातला उजेड वरून लावलेला वाटत नाही, थरांच्या आतून वर आल्यासारखा वाटतो, आणि त्यामागे थर कधी थांबवायचा याचा अचूक निर्णय आहे. ॲग्नेस मार्टिन सहा फूट बाय सहा फुटांच्या कॅनव्हासवर पेन्सिलीने हाताने रेषा ओढत. दुरून जाळी काटेकोर वाटते आणि जवळ गेल्यावर कापडाच्या विणीवरून जाताना प्रत्येक रेषा किंचित थरथरलेली दिसते. रेषा सरळ ओढण्याचा त्यांचा प्रयत्न शंभर टक्के खरा आहे, म्हणूनच ती थरथर खरी आहे. सोमनाथ होर यांची 1970 च्या दशकातली ‘जखमा’ ही मालिका तर पांढऱ्या कागदाच्या लगद्यातच घडवलेली आहे. चिरा आणि खळगे एवढेच त्यात आहे, पण बंगालच्या दुष्काळापासून युद्धापर्यंत त्यांनी पाहिलेले सारे त्या पांढऱ्यात उतरले आहे. स्पेनच्या आंतोनी तापिएस यांनी संगमरवराची पूड आणि वाळू रंगात मिसळून भिंतीसारखी चित्रे केली. आपण वापरतो त्या मिश्रणाचे ते एका अर्थाने पूर्वसूरी आहेत. यांची चित्रे छापील स्वरूपात पाहून मात्र पोत कळत नाही. जमेल तेव्हा मूळ चित्रासमोर उभे राहावे आणि ते बाजूने, तिरके होऊन पाहावे.

सरावासाठी एक फूट बाय एक फुटाच्या फळ्या घ्या. प्रत्येक फळीवर एकच साहित्य, एकच अवजार आणि एकच हालचाल, एवढाच नियम. गवंड्याच्या थापीचा एक आडवा फटकारा. पोतेऱ्याने काढलेली एक कमान. तुराटीच्या टोकाने ओल्या थरावर ओढलेली एक रेषा. थर देऊन झाला की हात धुवा आणि तो सुकेपर्यंत त्याला हात लावू नका. ओल्या थरातला दोष दुरुस्त करण्याची इच्छा फार प्रबळ असते आणि ती दुरुस्ती सुकल्यावर नेहमी डाग होऊन दिसते. सुकल्यावर फळी भिंतीला टेकवून काही दिवस येता-जाता पाहा. जो भाग प्रत्येक वेळी नजरेला खटकतो तो खरवडून काढा. जो आधी खटकत होता आणि नंतर तिथेच नजर जाऊ लागली तो ठेवा. मला यापेक्षा विश्वासार्ह कसोटी सापडलेली नाही. रंग सुरुवातीला मातीचेच ठेवा: पांढरी, पिवळी, काळी आणि गेरू. या चार रंगांत एकमेकांशी न जुळणारी जोडी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे सारे लक्ष पृष्ठभागाकडे राहते.

उजेडाचा विचार चित्र सुरू करण्याआधी करावा. समोरून पडलेला उजेड पोत मारून टाकतो. ट्यूबलाइटखाली तुमचे जाड पोताचे चित्र सपाट पुठ्ठ्यासारखे दिसेल. पडवीत, खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर फळी लावली की बाजूने घसरत येणारा उजेड प्रत्येक उंचवट्याला सावली देतो. चित्र कोणत्या बाजूच्या उजेडासाठी केले आहे हे ठरवून थापीचा फटकारा त्या उजेडाला आडवा द्यावा. उजेडाच्याच दिशेने दिलेला फटकारा दिसत नाही. प्रदर्शनासाठी नागपूरला, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या ठिकाणी, काम न्यायचे झाले तर दिवे कुठून पडतात हे आधी पाहून या, आणि शक्य असेल तर दिवा बाजूला सरकवून घ्या. फोटोही दुपारच्या उन्हात काढू नयेत. सकाळी खिडकीशेजारी, फ्लॅश बंद ठेवून काढावेत.

जपणुकीविषयी दोन गोष्टी. ॲक्रिलिक असलेले पृष्ठभाग आपल्या उन्हाळ्यात मऊ आणि किंचित चिकट होतात, म्हणून फळ्या समोरासमोर टेकवून कधीही ठेवू नयेत. मधे लाकडी ठोकळे ठेवून उभ्या रचाव्यात, पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच नको. पावसाळ्यात शेण, डिंक किंवा खळ असलेल्या थरांवर बुरशी येते; मिश्रण कालवतानाच त्यात चिमूटभर बोरिक ॲसिड घालावे आणि फळी भिंतीपासून दोन बोटे दूर टांगावी, म्हणजे मागून हवा खेळते. वरून वॉर्निश लावण्याचा सल्ला अनेक जण देतील. मी तो देणार नाही, कारण वॉर्निशने मातीचा कोरडा, उजेड पिऊन घेणारा पृष्ठभाग कायमचा जातो; बळकटी हवी असेल तर ती मिश्रणातल्या बाइंडरमधून आली पाहिजे. काच लावायची असेल तर ती पृष्ठभागाला टेकणार नाही अशी खोल चौकट करून घ्यावी.

आणि पापुद्रे सुटलेले तुमचे ते चित्र टाकून देऊ नका. उरलेली पुट्टी खरवडून काढा, कापड चौकटीवरून उतरवून धुऊन घ्या आणि तेच कापड प्लायवर चिकटवून नवा पाया द्या. प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: माती कोणत्या शिवारातली, वाळूचे आणि बाइंडरचे प्रमाण किती, थर किती जाड, महिना कोणता. उद्या एखादा कोपरा निखळला तर तो भरायला तीच माती त्याच प्रमाणात लागेल, आणि पुढच्या वर्षी एखादी भेग तुम्हाला फार आवडली तर ती कशामुळे पडली हे शोधायलाही तीच नोंद उपयोगी येईल.